भोक नसलेली जागा

किल्ल्याच्या बागेत रोज साडेपाचला
नायनाला स्कूटरवरून आणून सोडते मी,
तटाची सावली ज्या बाकावर आधी पोचते, त्या बाकावर.
समोर तळं, तळ्यात सिद्धरामाचं देऊळ,
बाकी सगळं ऊन.
चैत्र उद्या लागेल,
पण सोलापूरला पंचांग विचारून तापायची सवय नाही.

नायना जेकार्डची कार्डं पाडायचे.
आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत
पुठ्ठ्याला भोकं.
भोक असेल तिथं धागा उठतो, नसेल तिथं निजतो.
"फूल म्हणजे दुसरं काय गं," म्हणायचे,
"कुणाला उठवायचं, कुणाला निजू द्यायचं, एवढंच की."

एकदा जपानची ऑर्डर आली. टॉवेल, दोन रंगांत.
सोबत कॅलेंडरचं फाडलेलं पान:
कुठल्यातरी शहरातली जुनी बाग,
शेजारी तिच्याहून जुनं देऊळ,
देवळाच्या अलीकडे लाल लाकडी कमान,
आणि झाडांना पान म्हणून नाही, नुसती फुलं.
खाली निळ्या ताडपत्र्या, त्यांवर माणसं.
लग्न नाही, बारसं नाही, कुणाचा दहावाही नाही.
चपला काढून, ओळीनं लावून, वर बघत बसलेली.
"सुट्टी काढून बसतात म्हणे," मॅनेजर म्हणाला
आणि अख्खं खातं हसलं.
नायना हसले नाहीत. त्यांनी चपला मोजल्या.
एकोणतीस.
एक कुणाची तरी फोटोबाहेर राहिली होती.

चौदाशे कार्डं, तीन आठवडे.
रात्री आई मांडीवर विड्यांचं सूप घेऊन दिव्याखाली,
पलीकडे नायना.
तिच्या बोटांत तेंदूचं पान, यांच्या बोटांत पाकळी,
दोघांचंही मोजूनमापून,
मधे मी, पाढे म्हणत.

फूल जमलं. पाणीही जमलं.
कमान आली तेव्हा पंच थांबला.
"देवाच्या दारानं कुणी तोंड पुसतं का?"
कुणाला विचारलं नाही त्यांनी.
तेवढी जागा बिनभोकाची ठेवून दिली.
मागावर ती कोरी उतरली,
दोन झाडांच्या मधे, कुणी निघून गेल्यासारखी.

मॅनेजरनं दोन दिवसांचा रोज कापला.
जपानचं काय उत्तर आलं, माल गेला की परत आला,
तीनदा विचारलंय मी.
तिन्ही वेळा नायना तळ्याकडे बघत राहिले.

पुढे माग वजनावर गेले.
कार्डांचे गठ्ठे गल्लीनं बंबात घातले;
त्या हिवाळ्यात आम्ही सगळे
फुलांवर तापलेल्या पाण्यानं आंघोळी केल्या.

आता सुट्टीच सुट्टी आहे त्यांना.
बाकावर बसताना चपला काढतात,
जुळवून ठेवतात, तळ्याकडे टाचा करून.
पॉपकॉर्नवाला पोरगा हसतो. हसू दे.
वर कडुनिंब आलाय बहराला,
वारा नसतानाही गळतोय,
तांदळाच्या कणीएवढं एकेक फूल,
बाकावर, टकलावर, खांद्यावरच्या टॉवेलवर.
"वेपपुव्वु," नायना म्हणतात, माझ्याशी नव्हे.
उद्या उगादी. आईच्या हातची पच्चडी
आता माझ्या हातची होते,
गूळ जास्त पडतो, असं रोखठोक सांगतात.

देवळातली घंटा पाण्यावरून येते, जराशी ओली.
मी विचारते, "नायना, तिथली माणसं अशीच बसत असतील?"
ते बराच वेळ मोजतात काहीतरी.
"तिथलं फूल कडू नसेल," म्हणतात.
"कुणी सांगावं?"

सातला वॉचमनची शिट्टी.
नायना खांद्यावरचा टॉवेल झटकत नाहीत.
चारी कोपरे धरून, फुलं आत ठेवून,
पुडी बांधतात, पोटाशी धरतात
आणि मागच्या सीटवर बसताना सांगतात,
"सावकाश चालव."
पार्क चौकात सिग्नल हिरवा असतो,
तरी मी थांबते.